फेट अ‍ॅक्सेलरेटेड : न हरणाऱ्या पात्रांवर पन्नास पानांचा उतारा

चॅटवर मिळून गोष्ट लिहिणाऱ्या गटात एक तरी पात्र असं निघतं, जे कधी चुकत नाही, ज्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही आणि ज्याची प्रत्येक पोस्ट समोरच्याला लोळवूनच संपते. मग ओओसी (पात्राबाहेर येऊन बोलायच्या) चॅनेलवर वाद होतो, दोघं-तिघं गट सोडतात आणि गोष्ट अर्ध्यात लटकते. या दुखण्यावर ‘फेट अ‍ॅक्सेलरेटेड’ ही भूमिका-खेळाची (रोलप्लेइंग गेमची) नियमपुस्तिका कितपत लागू पडते, एवढंच इथे पाहायचं आहे. खेळ म्हणून ती एरवी कशी आहे यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात पडायचं नाही.

पुस्तिका अमेरिकेतल्या एव्हिल हॅट प्रॉडक्शन्सची, २०१३ सालची, जेमतेम पन्नासेक पानांची. ती टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. दिवसाला एक-दोन पोस्टी टाकत, सवडीने चालणाऱ्या लेखी खेळाचा विचार तिच्यात जवळजवळ नाही. तरी या कामासाठी स्वस्तात मिळणारी सगळ्यात चांगली वस्तू हीच, असं आमचं मत आहे. जशीच्या तशी उचलली तर मात्र ती तीन-चार ठिकाणी गळते.

दुखणं नेमकं कुठे

समजा, एका गडावरच्या गोष्टीत भुजंगनाथ नावाचा मांत्रिक आहे आणि तुळसा नावाची काफिल्याची रखवालदार. भुजंगनाथाचा लेखक पोस्ट टाकतो:

‘भुजंगनाथाने डोळे मिटले आणि पुढच्याच क्षणी तुळसाच्या हातातली तलवार वितळून खाली टपटपली. ती गुडघ्यांवर आली. याच्यापुढे आपलं काही चालणार नाही, हे तिला कळून चुकलं.’

तीन वाक्यांत तीन अतिक्रमणं आहेत. तलवार वितळली, म्हणजे वार केला आणि तो लागला हेही स्वतःच ठरवलं, हा ऑटो-हिट. ती गुडघ्यांवर आली, म्हणजे दुसऱ्याचं पात्र स्वतः हलवलं, हे पॉवरप्ले. तिला कळून चुकलं, म्हणजे थेट तिच्या डोक्यात शिरून लिहिलं. हे तिसरं सगळ्यात जास्त झोंबतं आणि नियमावलीत सगळ्यात कमी वेळा सापडतं.

आता गंमत अशी, की बहुतेक गट यावर उपाय म्हणून पात्राच्या शक्तींची यादी छाटतात. अमर पात्र नको, तीनपेक्षा जास्त शक्ती नकोत, काळ थांबवणं नको, मन वाचणं नको. यादी लांबत जाते आणि ज्याला पळवाट काढायची तो काढतोच. ‘माझी एकच शक्ती आहे, सावली’ म्हणत तो सावलीतून उडतो, सावलीची ढाल करतो, सावलीने गळा आवळतो. शिवाय वरची पोस्ट लिहायला मंत्रशक्ती लागतच नाही. तलवार ‘वितळली’च्या जागी ‘एका झटक्यात हिसकावली’ लिहा, साधा शिपाईसुद्धा तितकाच अजिंक्य होतो. पात्राला काय येतं यापेक्षा निकाल कोण जाहीर करतं, यावर सगळं अवलंबून आहे. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तो आउट होत नाही, तसा हा मामला. फेट अ‍ॅक्सेलरेटेड शक्तींच्या यादीला हातच लावत नाही. निकाल जाहीर करायचा हक्क काढून घेते. आमची शिफारस मुळात त्यासाठी आहे.

शीटवर काय लिहायचं

पात्राच्या शीटवर सहा पद्धती असतात: सावध, चतुर, दिमाखदार, जोरकस, चपळ आणि चोरटी. काय येतं त्याऐवजी कसं करतो हे मोजायचं. आकडे सगळ्यांना सारखेच वाटायचे: एका पद्धतीला +३, दोन पद्धतींना +२, दोन पद्धतींना +१ आणि एकीला ०. मांत्रिक असो, आजीबाई असो किंवा अर्धदेव, बेरीज तीच. नव्या माणसाचं पात्र तपासायला मॉडरेटरला अर्धं मिनिट पुरतं, हा छोटा फायदा नाही. पानभर पूर्वकथा वाचून ‘हे पात्र जरा जास्तच होतंय’ असं सांगायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला त्याचं मोल कळेल.

याखेरीज काही वाक्यं लिहायची, त्यांना आस्पेक्ट म्हणतात. एक मुख्य ओळख, एक अडचण आणि आणखी एक ते तीन. आस्पेक्ट गोष्टीत कायम खरा असतो, पण त्याचा फाशांवर फायदा हवा असेल तर फेट पॉइंट खर्चावा लागतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे तीन पॉइंट असतात. एक पॉइंट म्हणजे +२, नाहीतर फासे पुन्हा टाकायची परवानगी.

भुजंगनाथाच्या लेखकाने मुख्य ओळख ‘अमर आणि सर्वज्ञ मांत्रिक’ अशी दिली, तर ती परत पाठवा. अमरपणाची हरकत नाही. या वाक्याला उलटी धार नाही, म्हणून. त्याऐवजी ‘सात दिव्यांवर जीव टांगलेला मांत्रिक’ असं लिहिलं की तोच अमरपणा पकडीत येतो. दिवे आहेत म्हणजे ते कुठेतरी ठेवले आहेत, त्यांना तेल लागतं, कुणीतरी राखण करतं. अडचण म्हणून ‘सातवा दिवा कुणी नेला ते ठाऊक नाही’ लिहा. आता जीएमला (खेळ चालवणाऱ्याला), आणि तुळसालाही, हात घालायला जागा मिळाली.

शीट तपासताना आम्ही एक सोपी कसोटी लावतो: या वाक्यामुळे पात्र अडचणीत येईल असे दोन प्रसंग लेखकाने स्वतः लगेच सुचवले पाहिजेत. सुचत नसतील तर वाक्य बदलायचं. ‘अतिशय देखणा’, ‘शब्दाला जागणारा’, ‘भूतकाळाने पछाडलेला’ ही तिन्ही नेहमीची गिऱ्हाइकं. शब्दाला जागणारा ठीक, पण कुणाला दिलेला कोणता शब्द? ते लिहिल्याशिवाय तो आस्पेक्ट म्हणजे नुसतं प्रशस्तिपत्र.

अडचणीचा वापर कंपेलने होतो. जीएम म्हणतो, ‘नेमक्या या वेळी तुला दिव्याच्या तेलाचा वास येतो, तू लढाई सोडून तिकडे वळतोस. चालेल?’ मान्य केलं तर एक फेट पॉइंट मिळतो, नाकारायचं तर स्वतःजवळचा एक द्यावा लागतो. म्हणजे जो लेखक आपल्या पात्राला कधीच ठेच लागू देत नाही, त्याचे पॉइंट आटत जातात. जो मधूनमधून खड्ड्यात उडी मारतो, त्याच्याकडे मोक्याच्या क्षणी शिल्लक असते. प्रवचन न देता वळण लावायची ही रीत झकास आहे. दुसऱ्याने तुमच्या आस्पेक्टचा तुमच्याविरुद्ध पॉइंट खर्चून वापर केला तर त्याचा पॉइंट प्रसंग संपल्यावर तुमच्याकडे येतो, हेही त्याच जातीचं.

फाशांचं गणित

फेटचे फासे सहा बाजूंचेच, पण दोन बाजूंवर अधिक, दोनांवर उणे आणि दोन कोऱ्या. चार टाकायचे. निकाल -४ ते +४; तो पद्धतीच्या आकड्यात मिळवायचा आणि समोरच्याच्या बेरजेशी ताडायचा. चार फाशांचे एकूण ८१ प्रकार होतात; त्यातले १९ शून्यावर येतात, प्रत्येकी १६ हे +१ आणि -१ वर, १० हे +२ आणि -२ वर, ४ हे +३ आणि -३ वर, आणि फक्त एकेक टोकावर. म्हणजे साधारण ६३ टक्के वेळा निकाल -१ ते +१ च्या आतच. वीस बाजूंच्या फाशावर १ आणि २० तितक्याच सहज पडतात जितका १०, त्यामुळे तिथे निष्णात तलवारबाज दर थोड्या वेळाने विदूषक होतो. इथे पात्र बहुतेक वेळा स्वतःसारखंच वागतं, आणि लिहिणाऱ्यांना ते आवडतं.

पण याच गुणाला दुसरी बाजू आहे आणि ती पुस्तिका पुरेशी ठळक सांगत नाही. दोघांनी एकमेकांविरुद्ध फासे टाकले की जिंकण्याची शक्यता अशी बसते. दोघांचे आकडे सारखे असतील तर हल्ला करणारा सुमारे ४२ टक्के वेळा स्पष्ट जिंकतो, १७ टक्के वेळा बरोबरी. त्याच्याकडे १ जास्त असेल तर ५८ टक्के. २ जास्त असेल तर ७४. ३ जास्त असेल तर ८६. आणि ६ जास्त असेल तर बचाव करणारा सातशेतून जेमतेम एकदा जिंकतो.

म्हणजे एका फेट पॉइंटने ४२ टक्क्यांचे ७४ होतात. तो पॉइंट किती वजनदार आहे ते यावरून कळावं. आणि सरळ +३ विरुद्ध ० असला तरी दुबळ्याला सातातून एकदा बरोबरी किंवा जिंकण्याची संधी उरते, जी गोष्टीला पुरेशी आहे. पण फरक सहावर गेला की फासे टाकणं हा उपचार राहतो. न हरणारं पात्र मागच्या दाराने आत येतं ते इथून, आणि ते दार म्हणजे स्टंट.

स्टंट : इथे डोळ्यांत तेल घालून बघा

स्टंट म्हणजे पात्राचं खास कसब. साचा ठरलेला आहे: अमुक कारणाने, अमुक पद्धतीने, अमुक कृती, अमुक परिस्थितीत केली तर +२. तीन स्टंट फुकट. चौथ्यापासून दर स्टंटमागे सुरुवातीच्या फेट पॉइंटांतला एक कमी होतो आणि तो आकडा एकाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे कमाल पाच स्टंट.

गडबड परिस्थितीच्या कलमात होते. ‘मी मंत्रविद्या शिकलो असल्यामुळे चतुर पद्धतीने हल्ला करताना, मंत्र वापरत असल्यास +२.’ साचा पाळला, पण मांत्रिक मंत्र कधी वापरत नाही? हा कायमचा +५ झाला. शून्य बचावाच्या पात्राविरुद्ध त्यात एक पॉइंट घातला की फरक ७, आणि वरचं गणित पुन्हा वाचा. दुरुस्ती करायची तर अट पात्राच्या हाताबाहेरच्या गोष्टीवर बांधायची: ‘समोरच्याच्या हातात लोखंड असेल तर’, ‘राखेवर उभा असेल तर’. मग तुळसा तलवार टाकून लाठी उचलू शकते. ज्या अटीतून प्रतिस्पर्ध्याला निसटता येतं ती अट चांगली. आम्ही नव्या गटात एक घरगुती नियमही जोडतो: फेट पॉइंट धरण्याआधी कोणत्याही एका फेकीवर पद्धत आणि स्टंट मिळून +५ च्या वर जायचं नाही, आणि +५ देणारा स्टंट एकच असावा.

‘एका सत्रात (म्हणजे खेळाच्या एका बैठकीत) एकदा’ असे स्टंटही घेता येतात. लेखी खेळात ते खोटे ठरतात, कारण सत्र म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. त्याकडे पुढे येतो.

हरायची सोय

या पुस्तिकेचा सगळ्यात चांगला भाग लढाईत कसं जिंकायचं याचा नाही. मार लागला की ताणाचे तीन चौकोन असतात: १, २ आणि ३. एका फटक्याला एकच चौकोन खोडता येतो. उरलेला मार जखमांनी पचवायचा: किरकोळ जखम २ शोषते, मध्यम ४, गंभीर ६. जखम म्हणजे शीटवर लिहिलेलं वाक्य, ‘उजवा तळहात भाजला’, आणि ते कुणीही तुमच्याविरुद्ध वापरू शकतं. ताण प्रसंग संपला की पुसतो, जखमा त्याहून रेंगाळतात. पुढच्या पोस्टीत पात्र ताजंतवानं उभं राहिलं, हा फुकट्यांचा आवडता डाव यामुळे बंद पडतो, कारण जखम सगळ्यांसमोर लिहिलेली असते.

मार पचवता आला नाही तर पात्र बाद होतं, आणि त्याचं पुढे काय होतं ते बाद करणारा ठरवतो. मारणं सक्तीचं नाही. कैद, पळवून लावणं, चारचौघांत फजिती, काहीही. इथे अमर भुजंगनाथाचं घोडं पेंड खातं. त्याला मारता येणार नाही, कबूल. पण साखळदंडात बांधून कोरड्या टाक्यात उतरवता येतं.

हे टाळायचं असेल तर माघार घ्यायची. समोरच्याने फासे टाकायच्या आधी कधीही ‘मी माघार घेतो’ म्हणता येतं. मग हार पक्की, पण ती कशी दिसेल यात तुमचा शब्द चालतो. वर एक फेट पॉइंट मिळतो, आणि त्या लढाईत घेतलेल्या प्रत्येक जखमेमागे आणखी एक. हरण्याचा मोबदला आकड्यांत देणारी ही व्यवस्था आम्ही दुसरं काहीही न घेणाऱ्या गटांनाही सुचवतो. फासे नकोत, पद्धती नकोत, तरी माघारीचा नियम उचला.

लेखी खेळात चालवायची कशी

टेबलावर फासे टाकले की दहा सेकंदांत निकाल लागतो. डिस्कॉर्ड या चॅट-अ‍ॅपवर एक जण पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असेल तर घड्याळांत ऋतूप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर, आणि प्रत्येक फटक्याला दोन दिवस. म्हणून क्रम बांधून घ्यावा लागतो. आमच्या मते हा क्रम सगळ्यात कमी भांडणं लावतो:

आधी ओओसी चॅनेलवर एका ओळीत इरादा. ‘भुजंगनाथ, चतुर पद्धत, हल्ला: तुळसाच्या तलवारीची मूठ तापवतो.’ लगेच फासे. मग तुळसाची बाजू: ‘चपळ, बचाव’ आणि फासे. मग दोघांनाही फेट पॉइंट खर्चायची एकेक संधी, आणि ‘बस’ हा शब्द. दोघांनी ‘बस’ म्हटलं की निकाल पक्का. त्यानंतरच आयसी (गोष्टीतली, पात्राची) पोस्ट लिहायची, आणि कळीचा मुद्दा, मार ज्याला लागला त्यानेच तो लिहायचा.

आकड्यांत बघा. भुजंगनाथ +३ आणि फासे -१, एकूण २. तुळसा +२ आणि फासे +१, एकूण ३. वार हुकला. तो एक पॉइंट देऊन ‘सात दिव्यांवर जीव टांगलेला’ वापरतो, झाले ४. तुळसाकडे पॉइंट आहेत, पण ती म्हणते ‘बस’. फरक एकाचा, म्हणून १ चा फटका लागला. पहिला चौकोन खोडला. आता तुळसाची लेखिका लिहिते: ‘मूठ निखाऱ्यासारखी तापली तरी तिने सोडली नाही. ओढणीचं टोक दातांनी ओढून हाताला गुंडाळलं, आणि पहिल्यांदाच एक पाऊल मागे सरकली.’ मार तिने घेतला, मान तिचा राहिला. पहिल्या पोस्टीशी ताडून बघा.

इरादा जाहीर करायला लावल्याचा आणखी एक फायदा आहे. तलवार वितळवणं हा हल्ला की डावपेच, हे लेखकाला आधी सांगावं लागतं. पुस्तिकेत चारच कृती आहेत: अडथळा पार करणं, फायद्याची स्थिती निर्माण करणं, हल्ला आणि बचाव. तलवार नष्ट करणं ही दुसरी कृती. त्यातून ताण लागत नाही, ‘निःशस्त्र’ असा आस्पेक्ट पडतो आणि त्याचा एक फुकट वापर मिळतो, तीन किंवा अधिक फरकाने जिंकल्यास दोन. एकाच पोस्टीत हत्यारही काढलं आणि जखमही केली, हे त्यामुळे जमत नाही. एका फेरीत प्रत्येकी एकच कृती.

यावर ठाम राहा, कारण फुकट वापर साठवता येतात. ज्याच्याकडे रिकामा दिवस आहे तो इतर झोपलेले असताना तीन डावपेच उरकतो आणि चौथ्या पोस्टीत सगळे एकदम ओततो. दर वापराला +२, म्हणजे तीनच फुकट वापरांनी +६. नियमाने बरोबर, खेळ म्हणून अन्याय. सगळ्यांची कृती झाल्याशिवाय नवी फेरी नाही, आणि ३६ तासांत उत्तर आलं नाही तर जीएम त्या पात्राचा फक्त बचाव टाकेल, एवढं ठरवलं की पुरे. चॅनेलचा स्लोमोड (एकाच्या दोन पोस्टींत सक्तीचं अंतर) सहा तासांपर्यंत ताणता येतो, पण तो सगळ्यांना सरसकट अडवतो. फेरी मोजण्याची जागा तो घेत नाही.

फाशांसाठी बॉट (चॅनेलवर आपोआप फासे टाकणारा प्रोग्रॅम) लागतोच. हाताने टाकून ‘मला +४ आले’ सांगणं बंद. तुमच्या बॉटला फेटचे फासे कळत नसतील तर तीन बाजूंचे चार फासे टाकून बेरजेतून ८ वजा करायला सांगा. शक्यता हुबेहूब तीच येते. फेक त्याच चॅनेलवर व्हावी जिथे इरादा लिहिला आहे. खासगीत टाकून चांगली आली तेवढीच दाखवणं ही चोरी फार जुनी आहे. इरादा मागून बदलला तर डिस्कॉर्ड संदेशाखाली संपादित असल्याची खूण दाखवतो, मूळ मजकूर मात्र दाखवत नाही. म्हणून बचाव करणाऱ्याने उत्तर देताना इरादा उद्धृत करावा.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक बारीक अडचण. डिस्कॉर्डवर फुकट खात्याला एका संदेशात २००० अक्षरचिन्हं मिळतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात; एकटा ‘क्ष’ तीन चिन्हं खातो. तीनशे शब्दांच्या आसपास पोस्ट तुटते. लढाईत ते बरंच आहे. लांबलचक पोस्टीतच दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालायचा मोह होतो.

कुठे गळते

सत्राचा मुद्दा सगळ्यात मोठा. फेट पॉइंट सत्राच्या सुरुवातीला भरतात, मध्यम जखम पुढच्या सत्राच्या शेवटी पुसते, गंभीर जखम कथानक संपल्यावर. लेखी खेळाला सत्रच नाही. काही गट आठवडा म्हणजे सत्र धरतात. ते चुकतं, कारण एका आठवड्यात कधी एकच संवाद होतो आणि पॉइंट फुकट भरतात. प्रसंग मोजा. दोन पूर्ण प्रसंग म्हणजे एक सत्र, आणि प्रसंग संपल्याचं जीएमने चॅनेलवर जाहीर करायचं. हे न ठरवता सुरू केलेल्या खेळात एकतर सगळे पॉइंट दाबून बसतात किंवा जखमा कधीच भरत नाहीत.

दुसरी गळती पद्धतींची. ज्याचा ‘चतुर’ +३ आहे तो भिंत चतुराईने चढतो, मार चतुराईने चुकवतो, जेवतोही चतुराईने. पुस्तिका हे जीएमच्या समजुतीवर सोडते. लेखी खेळात उपाय सोपा आहे, कारण शब्द समोर असतात: इराद्यात त्या पद्धतीचं दृश्य दिसलं पाहिजे. भिंत चतुराईने चढायची तर काय हेरलं ते लिहा. लिहिता येत नसेल तर ते ‘जोरकस’. शिवाय चतुर प्रयत्न वेळ खातो हे धरून चाला, आणि वेळ नसेल तिथे नकार द्या.

तिसरी, मेटागेमिंग. सगळ्यांची शीट उघडी, सगळ्यांच्या पोस्टी उघड्या. लेखकाला कळलं ते पात्राला कळलेलं नसतं, हे फासे शिकवत नाहीत. सातवा दिवा कुठे आहे हे तुळसाच्या लेखिकेने वाचलं, म्हणून तुळसा सरळ तिथे चालत गेली, तर नियमपुस्तिका गप्प. त्यासाठी वेगळं कलम लागतं: पात्राला माहिती कोणत्या प्रसंगात मिळाली त्या पोस्टीचा दुवा द्या. खरोखर लपवायचा आस्पेक्ट जीएमकडे खासगीत ठेवता येतो, पण एकाहून जास्त ठेवू देऊ नका.

आणि जीएमच्या स्वतःच्या लाडक्या पात्राचं काय? त्यालाही तीच शीट, तेच फासे, तेच चॅनेल. अनेक सर्व्हरांवर सगळ्यात न हरणारं पात्र मॉडरेटरचंच असतं, एवढं सांगून पुढे जाऊ.

कोणी घ्यावी

तीन ते सहा जणांचा गट, एक जीएम, आणि जिंकण्यापेक्षा गोष्ट पुढे नेण्यात रस असलेले लोक: बिनधास्त घ्या. पाचपैकी साडेतीन, सत्राचा घोळ नसता तर चार दिले असते. पन्नास जणांच्या खुल्या सर्व्हरवर कंपेल हाताळायला जीएम पुरत नाहीत, तिथे फक्त इरादा-फासे-‘बस’ हा क्रम आणि माघारीचा नियम घ्या, बाकी सोडा. ज्यांना द्वंद्वाची स्पर्धा हवी आहे, कोण सरस हे ठरवायचं आहे, त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. आस्पेक्टच्या शब्दांवरून घालता येणारा वाद त्यांना गोष्टीपेक्षा गोड लागेल. दोघांच्याच खेळात जीएम नसतो, तेव्हा कंपेल एकमेकांनी सुचवायचे. नाकारण्याचा दंड तिथे काढून टाका, नाहीतर तो दबाव होतो. कोणते विषय गोष्टीत नकोत, हे खेळाआधी विचारून लिहून ठेवणं पुस्तिकेबाहेरचं काम आहे आणि तेही करायचंच.

किंमत ही अडचणच नाही. पीडीएफ ‘परवडेल ते द्या’ तत्त्वावर मिळते आणि नियमांचा संदर्भ-मजकूर जालावर फुकट वाचता येतो. तो मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन मराठीत उतरवायला आणि वाटायला मोकळीक आहे. गटासाठी दोन पानांचा मराठी गोषवारा करून तो चॅनेलवर पिन केलात तर नव्या माणसाला मूळ पुस्तिका उघडावीच लागत नाही. गोषवाऱ्यात चार कृती, ताण-जखमांचा तक्ता, माघार आणि तुमच्या गटाची सत्राची व्याख्या एवढं घ्या. २०२० मध्ये आलेली ‘फेट कंडेन्स्ड’ ही भावंड-पुस्तिका पद्धतींऐवजी कौशल्यांवर चालते आणि तिचे ताणाचे चौकोन वेगळे मोजतात, त्यामुळे दोन्हींचे तक्ते एकाच गोषवाऱ्यात मिसळू नका.